गुडघ्याची चिठ्ठी, खुब्याचं दुखणं

आमच्या फिजिओथेरपी ओपीडीत आलेल्या एका रुग्णाची ही हकीकत. त्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मापं आणि माझी चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. खुबा आणि पेल्व्हिसची, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याची, शरीररचना पहिल्या वर्षी पाठ होते आणि ओपीडीत रुग्ण समोर आला की नेमकी तेव्हाच आठवत नाही. माझंही तसंच झालं.

ऑगस्ट 2022. सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा टेम्पोचालक, वय 38, वजन 72 किलो. पहाटे गावोगावचं दूध गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवायचं काम. हातात बाहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी: डावा गुडघा, झिजेची सुरुवात, फिजिओथेरपी द्यावी. सोबत गुडघ्याचा एक्स-रे, त्यात आतल्या कडेला हाडाचं बारीकसं टोक. चाळिशीकडे झुकलेल्या कुठल्याही कष्टकऱ्याच्या गुडघ्यात ते दिसू शकतं.

"मॅडम, गुडघ्यातनं आतनं कळ येतीया. क्लच दाबला की जास्त," तो म्हणाला आणि तळहात गुडघ्याच्या आतल्या बाजूवर, जरा वरच्या अंगाला ठेवला. बोट नाही, अख्खा तळहात.

इंटर्नने तपासणी केली, मी कागदावर सही केली. गुडघ्याला सूज नव्हती, सांध्याच्या रेषेवर दाबून दुखत नव्हतं, हालचाल पूर्ण होती, लिगामेंटच्या चाचण्या स्वच्छ होत्या. म्हणजे गुडघ्याने आपल्या परीने सांगून टाकलं होतं की इथे काही नाही. आम्ही मात्र चिठ्ठीत गुडघा लिहिलाय म्हणून आयएफटी, म्हणजे दुखणं कमी करायला विजेचा सौम्य प्रवाह, लावलं आणि क्वाड्रिसेप्ससाठी, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी, पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम दिला, दहा-दहाचे तीन संच. आठ सत्रं झाली. दुखणं वाढलं. व्यायाम नीट करत नसेल, असं मी मनात म्हटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसं म्हटलं होतं.

नवव्या दिवशी तो पलंगावर चढताना इंटर्न शेजारी उभी होती. बसल्यावर त्याने दोन्ही हात डाव्या मांडीखाली घातले आणि पाय एखाद्या पोत्यासारखा उचलून वर घेतला. आडवा झाला तसा डावा पाय बाहेरच्या बाजूला कलंडला आणि गुडघा किंचित वर राहिला.

"मॅडम, गुडघा दुखतोय तर हे मांडी का उचलतात?" तिने मला हळूच विचारलं.

बाकी सगळं या एका प्रश्नातून निघालं.

आधी विचारायला हवं होतं ते

मी स्टूल ओढून बसले आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागले. केबिनमध्ये चढताना डावा पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो. पायाची नखं कापता येत नाहीत, बायको कापून देते. संडासला उकिडवं बसलं की जांघेत काहीतरी अडकतं. "आणि मांडी तर घालताच येत न्हाई. गेल्या जत्रंला पंगतीत पाय लांब करून बसलो, शेजारचा म्हणला, पाव्हणं, ताटाला पाय लागंल की."

मांडी घालायची तर खुबा वाकतो, फाकतो आणि बाहेरच्या अंगाला वळतो. उकिडवं बसायला तो 120 अंशांच्या आसपास किंवा पुढे वाकायला लागतो. खुर्ची, कमोड आणि चालण्यावर आधारलेल्या प्रश्नावल्यांत या दोन गोष्टी मागे पडतात. आपल्याकडे मात्र खुब्याची खरी परीक्षा जमिनीवरच होते. गुडघ्यामुळेही मांडी अडते, नाही असं नाही. पण गुडघा टाच नितंबाला लागेपर्यंत वाकत असताना मांडी अडली, तर दोष वर शोधायचा.

मग शेवटी विचारलं, कधी मोठं आजारपण? मे 2021 मध्ये कोविड, बारा दिवस दवाखान्यात, प्राणवायू लावलेला. घरी आल्यावर तीन आठवडे गोळ्या. कागद त्याने जपून ठेवले होते, पुढच्या वेळी घेऊन आला. स्टिरॉइडच होती. दुखणं सुरू झालं फेब्रुवारी 2022 मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी. त्यामुळे त्याच्या डोक्यात दोन्हीची सांगड कधी बसलीच नव्हती, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

खुब्याचं दुखणं गुडघ्यात कसं उतरतं

ब्रिटिश शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी 1860 ते 1862 च्या व्याख्यानांत मांडलेलं सूत्र आपण पाठ करतो: जी नर्व्ह (मज्जातंतू) सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जाते, तीच त्या सांध्याला आणि वरच्या त्वचेलाही फांद्या देते. खुब्याला फांद्या देणाऱ्या नर्व्ह मोजा. समोरून फेमोरल, आतून ऑब्च्युरेटर, मागून क्वाड्रेटस फेमोरिसची नर्व्ह, वरून सुपीरियर ग्लूटिअल. यातल्या पहिल्या दोन कमरेच्या मणक्यांतून निघणाऱ्या एल2, एल3, एल4 या मुळांतून येतात आणि दोन्ही गुडघ्यापर्यंत पोचतात. ऑब्च्युरेटरची मागची फांदी ॲडक्टर मॅग्नस या मांडीच्या आतल्या स्नायूला पुरवठा करून थेट गुडघ्याच्या सांध्यात शिरते. मेंदूला खबर मिळते ती एकाच तारेवरून. ती वरच्या खोलीतून आली की खालच्या, हे त्याला नेहमी कळत नाही.

म्हणून त्याचा तळहात. गुडघा स्वतः बिघडला असेल तर रुग्ण बहुधा बोटाने जागा दाखवतो. वरून उतरलेलं दुखणं पसरट असतं, जागा सांगता येत नाही, म्हणून हात फिरतो. हा पक्का नियम नव्हे, पण मी आता हाताकडे बघते.

एल3 चं मूळ दबलं तरी मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत अशीच कळ येते, त्यामुळे कंबर सोडून चालणार नव्हतं. गुडघ्याचा झटका दोन्हीकडे सारखा आला. मांडीच्या पुढच्या त्वचेची संवेदना ठीक होती. कंबर वाकवून, ताणून दुखणं हललं नाही. पालथं झोपवून गुडघा वाकवला तेव्हा जांघेत दुखलं, मांडीत नाही. फेमोरल नर्व्ह ताणण्याची ही चाचणी करताना एक खबरदारी: रेक्टस फेमोरिस हा मांडीच्या पुढचा स्नायू गुडघ्यावरून आणि खुब्यावरून, दोन्हीकडून जातो, तो ताणला की पेल्व्हिस पुढे झुकतं आणि खुबाही खेचला जातो. चाचणीला नाव नर्व्हचं असलं तरी वाटेत जे जे लागतं त्याची चाचणी होतेच.

मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच लक्षात ठेवा. पाच-सहा वर्षांचा लंगडणारा मुलगा किंवा तेरा वर्षांचा अंगाने भरलेला मुलगा गुडघा धरून आला, तर आधी खुबा. पर्थेस (लहानपणी खुब्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार) आणि फिमरचं, म्हणजे मांडीच्या हाडाचं, डोकं वाढीच्या चकतीवरून घसरणं, दोन्ही गुडघ्याच्या तक्रारीने येतात. दुसऱ्यात उशीर झाला तर सांधा जातो.

पलंगावर

उताणं झोपवून मी मध्यमा आणि तर्जनी जांघेत ठेवली. पेल्व्हिसचं पुढचं वरचं टोक, ज्याला आपण एएसआयएस म्हणतो, आणि समोरचा प्युबिक सांधा, यांच्या मधोमध फेमोरल धमनीचे ठोके लागतात. त्या ठोक्यांच्या मागे, खोलवर, फिमरचं डोकं असतं. खुबा कुठे आहे असं विचारलं की निम्मे विद्यार्थी कमरेच्या बाहेरच्या उंचवट्यावर हात ठेवतात. तो ग्रेटर ट्रोकँटर. सांधा जांघेत आहे. रुग्णही "खुबा दुखतो" म्हणून कुल्ल्यावर हात ठेवतो, म्हणून शब्दावर जाऊ नका, जागा दाखवायला सांगा. इथे जांघेत खोल दाबल्यावर त्याने ओठ आवळले.

पाय सरळ असताना मांडीवर आणि नडगीवर तळवे ठेवून तो लाटण्यासारखा आतबाहेर फिरवला. यात फिरतो तो फक्त खुबा. गुडघा मुकाट पाहुणा. आत फिरवताना मांडीचे स्नायू एकदम कडक झाले.

मग खुबा आणि गुडघा 90 अंशांत. इथे विद्यार्थी हमखास गडबडतात: पाऊल बाहेर गेलं की मांडी आत वळते. उजवीकडे आतलं वळण 35 अंश. डावीकडे 5, आणि तिथे हाडावर हाड आदळल्यासारखं नव्हे, स्नायू झडप घालून थांबवतात तसं थांबलं.

"हीच! हीच कळ, गुडघ्यातली!" तो उठून बसायला बघत होता.

गुडघ्याला मी फक्त आधार दिला होता.

वाकणं उजवीकडे 120, डावीकडे 95. फाकणं 40 आणि 20. डावी मांडी पोटाकडे नेताना ती सरळ येईना, आपोआप बाहेर वळत आणि फाकत वर यायची.

आतलं वळण सगळ्यांत आधी का जातं? खुब्याभोवतीची पिशवी नुसती पिशवी नाही. समोर इंग्रजी वाय अक्षरासारखा इलिओफेमोरल लिगामेंट, खालून प्युबोफेमोरल, मागून इस्किओफेमोरल, आणि तिघांचे धागे फिमरच्या मानेभोवती (डोक्याखालच्या निमुळत्या भागाभोवती) पिळा घेऊन जातात. चार पायांवर चालणारे आपण दोन पायांवर उभे राहिलो तसा हा पिळा बसला, असं शिकवलं जातं. ओला पंचा आठवा. खुबा मागे ताणला आणि आत वळवला की पंचा पिळला जातो, पिशवीतली जागा कमी होते. पुढे थोडा वाकवून, थोडा फाकवून, बाहेर वळवला की पीळ सुटतो, जागा सर्वांत जास्त. सांध्यात पाणी साचलं असेल तर माणूस कोणी न सांगता पाय त्याच ठेवणीत ठेवतो. नवव्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या त्याचा पाय कलंडला होता तो असा. आम्ही आठ दिवस त्याच्या पायाशी उभे होतो.

थॉमस चाचणीत उजवी मांडी पोटाशी धरून कंबर पलंगाला टेकवली, तेव्हा डावी मांडी 15 अंश वर उचलली गेली. उभा असताना हे 15 अंश दिसत नव्हते, कारण पेल्व्हिस पुढे झुकवून आणि कमरेचा बाक वाढवून तो ते लपवत होता. कंबर दुखते असंही तो मधूनमधून म्हणायचा, त्याचं कारण हे. ह्यू ओवेन थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला हे दाखवलं ते हाडाच्या क्षयाच्या रुग्णांवर. आपल्याकडे तरुण माणसाची जांघ दुखत असेल तर खुब्याचा क्षय आजही यादीत वरच ठेवायचा. ताप, वजन घटणं, रात्री झोपेत किंचाळून उठणं हे विचारलं, नव्हतं. विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या ओपीडीत मी असते तर सिकलसेलही पहिल्या पाचात विचारलं असतं. त्यातही रक्तपुरवठा तुटून फिमरचं डोकं मरतं.

पेल्व्हिसबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. इंटर्नने सॅक्रोइलिॲकच्या, म्हणजे कण्याचं तळाचं हाड आणि पेल्व्हिस जिथे जुळतात त्या सांध्याच्या, चाचण्या केल्या आणि मांडी 90 अंशांत धरून फिमरवरून खाली दाबण्याची चाचणी डावीकडे पॉझिटिव्ह लिहिली. दुखलं होतं हे खरं. पण जोर सॅक्रोइलिॲकला पोचायच्या आधी खुब्यातून जातो. मी विचारलं, कुठे दुखलं? जांघेत. पाय चाराच्या आकड्यात ठेवून केलेल्या चाचणीतही जांघेतच. पाठीमागच्या दोन खळग्यांपाशी, म्हणजे एस2 च्या पातळीला, काहीच नाही. दोन्ही इलिॲक हाडं नुसती आत दाबणं, बाहेर फाकवणं, या चाचण्यांत फिमरचा संबंध येत नाही. त्या दोन्ही शांत. चाचणी पॉझिटिव्ह आहे एवढं लिहू नका, काय आणि कुठे दुखलं ते लिहा.

उभं केल्यावर

फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग यांनी 1895 मध्ये एका पायावर उभं करण्याची ही चाचणी मांडली आणि तेव्हापासून विद्यार्थी बाजू उलटी लिहीत आले असावेत. ज्या पायावर माणूस उभा आहे त्या बाजूचे ग्लूटिअस मीडियस आणि मिनिमस हे कुल्ल्याचे स्नायू काम करतात; ते कमी पडले तर लटकते दुसरी बाजू. डाव्या पायावर उभं केल्यावर पहिले काही सेकंद त्याचं पेल्व्हिस सपाट राहिलं. इंटर्न "निगेटिव्ह" लिहायला लागली. तिला म्हटलं, थांब, 30 सेकंद मोज. बाराव्या सेकंदाला उजवी बाजू खाली जायला लागली. स्नायू लुळा नव्हता. सुपीरियर ग्लूटिअल नर्व्ह शाबूत होती. दुखणाऱ्या सांध्यामुळे स्नायूला पूर्ण जोर लावता येत नव्हता.

चालताना मात्र उलटंच. डावा पाय टेकला की तो सगळं धड डावीकडे झुकवायचा. दुखऱ्या बाजूवर भार का देतो हा? इथे कागद-पेन्सिल घ्या.

72 किलोच्या माणसाचा एक पाय साधारण वजनाचा सहावा भाग, म्हणजे 12 किलो. डाव्या पायावर उभं असताना खुब्यावर तोललं जातं उरलेलं 60 किलो. त्याचा मध्य खुब्यापासून अंदाजे 10 सेंटिमीटर आत. ते तोलून धरणाऱ्या स्नायूचं अंतर अंदाजे 5 सेंटिमीटर. म्हणजे स्नायूला 120 किलोचा जोर लावावा लागतो. सांध्यावर दाब येतो दोघांचा मिळून, 180 किलो. वजनाच्या अडीचपट. धड डावीकडे झुकवलं आणि ते 10 सेंटिमीटरचं अंतर 4 वर आणलं, तर स्नायूला 48 पुरतात आणि सांध्यावर 108. त्या माणसाने हे गणित शाळेत केलं नव्हतं, पण चालताना करत होता.

हे ढोबळ आकडे आहेत. स्नायू सरळ उभा ओढत नाही, तिरका ओढतो, आणि अंतरं माणसागणिक बदलतात. पण याच हिशेबाने आमच्या व्यायामाकडे बघा. पाय सरळ ठेवून उचलायचा तर 12 किलोचा पाय, त्याचा मध्य खुब्यापासून सुमारे 40 सेंटिमीटर दूर, आणि उचलणाऱ्या स्नायूंचं अंतर सुमारे 4. परत 120 किलो. गुडघा बळकट करायचा म्हणून आम्ही रोज तीस वेळा त्याच्या खुब्यावर ते ओझं टाकत होतो. व्यायाम नीट करत नसेल, म्हणे!

काय निघालं

ऑर्थोपेडिक विभागात पाठवलं. तिथे पेल्व्हिसचा समोरून आणि मांड्या बेडकासारख्या फाकवून असे दोन एक्स-रे काढले. समोरून डाव्या फिमरच्या डोक्यात पांढरट ठिपके आणि मध्ये काळपट जागा. गोलाई अजून शाबूत. एमआरआयमध्ये डावीकडे डोक्याच्या पुढच्या-वरच्या भागात दुहेरी रेषेने वेढलेला मोठा तुकडा. आणि उजवीकडेही, लहानसा. उजवा एका शब्दानेही तक्रार करत नव्हता. निदान: फिमरच्या डोक्याचा ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरणं; डावीकडे फिकाट या त्याच्या पायऱ्यांच्या वर्गीकरणात दुसरी पायरी, उजवीकडे पहिली.

डोकं हे दोन तृतीयांश चेंडू. उखळीत रुतलेलं, कूर्चेने झाकलेलं, म्हणजे रक्त आणायला वाट कुठली? मुख्य वाट मीडियल सर्कमफ्लेक्स फेमोरल धमनीची. ती बहुतेकदा प्रोफंडा फेमोरिसमधून निघते, मानेच्या मागून वळसा घालते, आणि तिच्या बारीक फांद्या पिशवीच्या आतून, मानेच्या हाडाला चिकटून वर डोक्यात शिरतात. लॅटरल सर्कमफ्लेक्सचा वाटा लहान. डोकं उखळीशी जोडणाऱ्या लिगामेंटम टेरेसमधून येणारी धमनी मोठ्या माणसात जवळपास नावापुरती. म्हणजे गावाला एकच रस्ता, आणि सर्वांत लांबची वस्ती डोक्याच्या पुढच्या-वरच्या भागात. भारही नेमका तिथेच. इलिअम, प्युबिस आणि इस्किअम या पेल्व्हिसच्या तीन हाडांची मिळून झालेली उखळ, तिचं छप्पर चालताना तिथेच टेकतं. मान मोडली तर ही वाट तुटते हे सगळ्यांना माहीत असतं. स्टिरॉइडमध्ये वाट आतून बुजते. मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात, हाडाच्या बंद डब्यात दाब वाढतो, चरबीचे कण बारीक वाहिन्यांत अडकतात, असं मानलं जातं. दारूनेही असंच होतं.

90 अंशांत वाकवून आत वळवताना हाच पुढचा-वरचा भाग उखळीच्या काठाखाली येतो. ते 5 अंश आणि एमआरआयमधला तो तुकडा एकमेकांना असे जुळतात.

काठी, किटली आणि पुढचं

डावीकडे कोअर डिकंप्रेशन, म्हणजे हाडात भोक पाडून डोक्यातला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया, करायचं ठरलं, ऑक्टोबर 2022. तोवर भार कमी करायचा. काठी म्हटल्यावर तो गप्प झाला. "काठी घिऊन गेलो तर मालक गाडी द्यायचा न्हाई." समजावून दिली, तर पुढच्या वेळी डाव्या हातात धरून आला. दुखऱ्या बाजूला आधार, हे सगळ्यांना साहजिक वाटतं; सिनेमातही तसंच दाखवतात. परत कागद काढला, या वेळी त्याच्यासमोर.

काठी उजव्या हातात, डाव्या खुब्यापासून सुमारे 50 सेंटिमीटर दूर, आणि तिच्यावर फक्त 6 किलो टेकवलं. सहा गुणिले पन्नास, तीनशे. 60 किलोचा झोक साठ गुणिले दहा, सहाशे होता, त्यातला निम्मा गेला. स्नायूला 120 ऐवजी 60 पुरले. सांध्यावर 180 ऐवजी 114. तो कागदाकडे बघत राहिला. मग त्याने विचारलेला प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर विचारला नव्हता.

"मग मॅडम, दुधाची किटली कंच्या हातात धरायची?"

दहा लिटरची भरलेली किटली उजव्या हातात, खुब्यापासून 40 सेंटिमीटरवर: झोकात चारशेची भर, स्नायूवर 80 किलो जादा, सांध्यावर एकूण 90 जादा. तीच डाव्या हातात धरली तर तिचं वजन खुब्याच्या बाहेरच्या अंगाला पडतं आणि स्नायूचं काम उलट हलकं होतं. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात, ओझं दुखऱ्या बाजूच्या हातात. तो वर्षानुवर्षं किटली उजव्या हातात धरत आला होता.

व्यायाम बदलले. पाय उचलणं बंद. टाच पलंगावरून न उचलता घसरवणं, पाण्याची सोय नव्हती म्हणून पलंगावरच भार काढून हालचाली, कुशीवर न झोपवता उताणं झोपवूनच ॲबडक्टरना, म्हणजे पाय फाकवणाऱ्या स्नायूंना, भिंतीवर हलका जोर. मेलेलं हाड व्यायामाने जगत नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे वॉकरवर अर्धवट भार. फिमरच्या बाहेरच्या भिंतीत भोक पाडलेलं असतं, पूर्ण भार लवकर दिला तर हाड तिथे मोडू शकतं.

वर्षभर बरं चाललं. 2023 च्या शेवटी दुखणं परतलं, बेडकी एक्स-रेमध्ये कूर्चेखाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसली, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये डावा खुबा बदलावा लागला. सर्जन सांध्यात पाठीमागून गेले होते. तिथून जाताना ग्लूटिअस मीडियसला हात लावत नाहीत, पण पिरिफॉर्मिस, ऑब्च्युरेटर इंटर्नस आणि दोन्ही जेमेलाय हे मागचे छोटे स्नायू कापून मग पुन्हा शिवतात, आणि मागची पिशवीही. ती भिंत भरून येईपर्यंत 90 च्या पुढे वाकणं, पाय आत ओढणं आणि आत वळवणं, तिन्ही एकत्र झालं की डोकं मागून निसटू शकतं. नियम तोंडपाठ करून घेण्यापेक्षा मी त्याला प्रसंग सांगितले: खाली पडलेली किल्ली डाव्या पायाच्या बाहेरून वाकून उचलायची नाही, पाटावर बसायचं नाही, बुटाची नाडी पायाच्या बाहेरच्या बाजूने वाकून बांधायची नाही, संडासला खुर्ची. शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवशी पाऊल आणि अंगठा वर उचलायला लावला. सायॅटिक नर्व्ह शाबूत आहे ना ते बघायला; ती पिरिफॉर्मिसच्या खालून त्याच वाटेने जाते.

गुडघा दुखायचा थांबला. एक्स-रेमधलं ते हाडाचं टोक अजून तिथेच आहे.

आता तो टेम्पो चालवत नाही, केंद्रावर दुधाचं माप घेतो, उंच स्टुलावर बसून. दर तीन महिन्यांनी येतो. मी त्याला पलंगाच्या काठावर बसवते, गोनिओमीटरचा (सांध्याचे अंश मोजायच्या पट्टीचा) आस गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर, एक पट्टी सरळ खाली, दुसरी नडगीच्या धारेवर, आणि उजव्या खुब्याचं आतलं वळण मोजते. आधीच्या तिन्ही वेळी 35 भरलं होतं. मागच्या वेळी 30. हाताने मोजताना पाच अंशांची चूक होऊ शकते, म्हणून इंटर्नला पुन्हा मोजायला लावलं. तिलाही 30 मिळाले. मी एमआरआयची चिठ्ठी लिहून दिली.